आपले ले प्रतिनिधी कोण? नामावली आपणच करू या



येत्या रविवारी उपासना संपल्यावर शेजारच्या सभासदाला एवढंच विचारा: डायोसिसन कौन्सिलमध्ये आपल्या पास्टोरेटच्या वतीने कोण बसतं? पाळकसाहेबांचं नाव ते लगेच सांगतील, बिशपसाहेबांचंही सांगतील. पण आपण सभासदांनीच मत देऊन ज्यांना पाठवलं, त्या ले, म्हणजे पाळक नसलेल्या, प्रतिनिधींचं नाव सांगताना पुष्कळजण अडखळतील. त्यांचा फोन नंबर मागितलात, तर 'सेक्रेटरींकडे असेल' असं उत्तर मिळेल. सेक्रेटरी बदलले असतील, तर तोही मिळणार नाही.

हे पत्र मी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या महाराष्ट्रातल्या सभासदांना लिहीत आहे. मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर आणि मराठवाडा या आपल्या डायोसिसेसमध्ये कौन्सिलवर आणि सिनडवर निवडून गेलेल्या सर्व ले प्रतिनिधींची एक खरी, ताजी आणि सर्वांना उपयोगी पडेल अशी नामावली तयार व्हावी, आणि ती आपण सभासदांनी तळापासून तयार करावी, एवढीच माझी विनंती आहे. ही नामावली कशासाठी, त्यात काय असावं, काय नसावं आणि कामाला हात कसा घालायचा, ते पुढे सांगतो.

कारभारातली ही जागा आपल्याला कशी मिळाली

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला सहा मंडळ्या एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभी राहिली. महाराष्ट्रापुरतं पाहिलं तर त्या ऐक्यात वेगवेगळ्या वळणाची घराणी सामील झाली. अहमदनगरकडे अमेरिकन मराठी मिशनची काँग्रिगेशनल परंपरा होती. तिथे मंडळीचा कारभार सभासदांच्या सभेत ठरत असे. कोल्हापूर, सांगली, मिरजेकडे प्रेस्बिटेरियन परंपरा होती; तिथे पाळकांच्या बरोबरीने निवडलेले वडील मंडळीची जबाबदारी वाहत. मुंबई, पुणे, नाशिककडे अँग्लिकन मंडळ्या होत्या. त्यांच्यात बिशपांचा मान मोठा, तरी वॉर्डन आणि चर्च कमिटी सभासदांतूनच येत. उपासनेची रीत निराळी, बाप्तिस्म्याविषयीचे विचार निराळे, पण सामान्य सभासदाला कारभारात जागा हवी, हे या सगळ्यांना मान्य होतं.

म्हणून आपल्या घटनेत बिशप, पाळक आणि ले सभासद हे तिघेही एकाच सभागृहात बसतात. मंडळीतून पास्टोरेट कमिटी, पास्टोरेटमधून डायोसिसन कौन्सिल, कौन्सिलमधून सिनड अशी ही चढण आहे. सिनडची नियमित सभा तीन वर्षांतून एकदा भरते. घटना दुरुस्ती असो, संस्थांचा कारभार असो की जमीनजुमल्याचं धोरण, त्या सभेत हात वर करणाऱ्यांत आपली माणसं असतात.

त्या हाताचं वजन किती असतं, हे इंग्लंडमधल्या एका घटनेवरून कळेल. चर्च ऑफ इंग्लंडच्या जनरल सिनडमध्ये बिशप, पाळक आणि ले सभासद अशी तीन सभागृहं आहेत. 20 नोव्हेंबर 2012 रोजी स्त्रियांना बिशप करण्याचा ठराव तिथे मतदानाला आला. तिन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं हवी होती. बिशपांच्या आणि पाळकांच्या सभागृहांत ती मिळाली. ले सभागृहात 132 मतं बाजूने आणि 74 विरुद्ध पडली. आणखी सहा जणांनी विरुद्ध मत न देता बाजूने दिलं असतं, तर ठराव तिथेच मंजूर झाला असता. तो मंजूर व्हायला जुलै 2014 उजाडावं लागलं. त्या ठरावाविषयी कोणाचं मत काहीही असो, सहा सामान्य सभासदांच्या मतावर एका मोठ्या चर्चचा निर्णय अडू शकतो हे तर खरं. मग आपल्या वतीने मत देणारा माणूस कोण आणि त्याच्याशी कसं बोलायचं, हे आपल्याला माहीत असायला नको का?

पाळक एकमेकांना भेटतात, आपण भेटत नाही

पाळकवर्ग एकमेकांना ओळखतो. सेमिनरीत ते एकत्र शिकलेले असतात, त्यांच्या बैठका होतात, बदल्या होतात, एका पास्टोरेटमधून दुसऱ्यात जाताना ओळखी वाढत जातात. हे चांगलंच आहे आणि त्यांच्या सेवेला ते लागतंच. ले प्रतिनिधींचं तसं नसतं. कोणी झेडपीच्या शाळेत शिक्षक, कोणी दवाखान्यात परिचारिका, कोणी एसटीत, कोणी पिंपरीच्या कारखान्यात, कोणी शेतावर. कौन्सिलच्या सभेला ही मंडळी येतात, शेजारी बसतात, जेवताना दोन शब्द बोलतात आणि संध्याकाळी आपापल्या गाडीने घरी जातात. पुढच्या सभेपर्यंत कोणाचा कोणाशी संबंध राहत नाही. विषयपत्रिका हातात पडते तेव्हा प्रत्येकजण एकटाच ती वाचतो. हिशेबाचा तक्ता समजला नाही तर विचारायचं कोणाला? मग सभेत गप्प बसणं सोपं वाटतं.

आता असं समजा, नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या मंडळीच्या जागेचा सातबारा जुन्या मिशनच्या नावावर राहिला आहे आणि फेरफार अडला आहे. तिथल्या प्रतिनिधीला महसुलाच्या कामातलं काही कळत नाही. पुण्याच्या एखाद्या पास्टोरेटच्या प्रतिनिधी तलाठी कार्यालयातून निवृत्त झालेल्या आहेत. दोन दिवसांत त्या रस्ता दाखवू शकतील. दोघेही एकाच चर्चची माणसं आहेत, पण एकमेकांचं नाव त्यांना ठाऊक नाही. कोणाकडे कोणतं ज्ञान आहे याची साधी नोंद असती, तर हे काम एका फोनवर मार्गी लागलं असतं. आपल्या मंडळीत ज्ञान भरपूर आहे. ते कोणाकडे आहे एवढंच आपल्याला कळत नाही.

नामावलीत काय असावं

पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा सोळावा अध्याय आपण बहुधा घाईने वाचतो, कारण त्यात नुसती नावं दिसतात. तो पुन्हा सावकाश वाचा. पंचवीसहून अधिक माणसं तिथे नावानिशी येतात आणि कित्येकांच्या नावापुढे त्यांचं काम लिहिलेलं असतं. फीबी कोणत्या मंडळीची सेविका आहे आणि तिने किती जणांना मदत केली, प्रिस्क आणि अक्विला यांच्या घरी मंडळी जमते, गायसाने आसरा दिला, एरास्त नगराचा खजिनदार आहे, हे पत्र लिहून घेणारा तर्तियही आपलं नाव नोंदवून सलाम पाठवतो. कोण, कुठे आणि कशासाठी उपयोगी पडेल, हे त्या अध्यायातून कळतं. आपल्या नामावलीनेही एवढंच सांगावं.

प्रत्येक प्रतिनिधीसाठी या गोष्टी पुरेत: पूर्ण नाव, मंडळी आणि पास्टोरेट, कौन्सिलवर आहेत की सिनडवर, कधी निवडून आले आणि मुदत कधी संपते, कोणत्या कमिटीवर आहेत, संपर्कासाठी एक फोन नंबर आणि फोन करायची सोयीची वेळ, आणि एका ओळीत, कोणत्या कामाची माहिती आहे, म्हणजे हिशेब, कायदा, जमिनीची कागदपत्रं, बांधकाम, शिक्षण, आरोग्यसेवा, तरुण संघ, महिला मंडळ, संगीत वगैरे.

नाव लिहिताना काळजी घ्या. साळवे, गायकवाड, कांबळे, शिंदे ही आडनावं आपल्यात घरोघरी आहेत. आद्याक्षरं आणि आडनाव एवढंच लिहिलं तर एकाच पास्टोरेटमध्ये तीन माणसं निघतील. स्वतःचं नाव, मधलं नाव आणि आडनाव पूर्ण लिहा. बहिणींचं नाव त्यांचं स्वतःचंच लिहा. निवडून त्या आल्या आहेत, 'मिसेस अमुक' एवढ्यावर भागवू नका. नाव मराठीत कसं लिहायचं हे ज्याचं त्यालाच विचारा, कारण जॉन, योहान, सॅम्युएल, शमुवेल अशी दोन्ही वळणं आपल्यात चालतात.

क्रम पास्टोरेटप्रमाणे आणि त्यात वर्णानुक्रमे ठेवा. मानाप्रमाणे क्रम लावायला गेलात तर पहिल्याच पानावर वाद होईल. शहरातल्या मोठ्या मंडळीला पुढे आणि खेड्यातल्या मंडळीला मागे टाकू नका.

एखादी जागा रिकामी असेल तर ती ओळ गाळू नका. तिथे 'जागा रिकामी' असं स्पष्ट लिहा. कोणत्या पास्टोरेटचा आवाज कौन्सिलमध्ये पोचतच नाही, हे त्या ओळीवरून सर्वांना कळेल आणि ती जागा भरायची निकड वाटेल. तसंच नामावली पुरी झाल्यावर बहिणी किती आणि पस्तिशीच्या आतले किती, हे मोजून पाहा. पुढच्या निवडणुकीच्या वेळी कोणाला पुढे करायचं, याचं उत्तर त्यात मिळेल.

काय लिहू नये

घरचा पत्ता नको. पोस्टाने काही पाठवायचं तर मंडळीचा पत्ता पुरे. जन्मतारीख नको, आधार आणि पॅन तर मुळीच नको. उत्पन्न नको, वर्गणी थकली आहे का ते नको. प्रतिनिधी कोणत्या गटाचे, कोणाला मत देतात, याची खूणसुद्धा नको.

जातीचा रकाना कोणत्याही नावाखाली ठेवू नका. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती धर्माशी जोडल्या गेल्या. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या, ख्रिस्ती झालेल्यांना अजून नाहीत. त्यापायी आपल्या कित्येक घरांना कागदोपत्री आणि मनातही काय सोसावं लागतं, हे आपल्याला ठाऊक आहे. एखाद्या भावाने किंवा बहिणीने छापील यादीत नाव नको म्हटलं, तर कारण विचारू नका. 'संपर्क पास्टोरेट सेक्रेटरींमार्फत' एवढं लिहा आणि पुढे चला.

संमती तोंडी नको, लेखी घ्या. 2023च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने जे तत्त्व मांडलं आहे, ते मंडळीलाही शोभणारं आहे: माहिती कशासाठी घेतो ते आधी सांगावं, माणसाने मोकळेपणाने होकार द्यावा, आणि दिलेला होकार त्याला केव्हाही मागे घेता यावा. माहिती भरायच्या फॉर्मच्या तळाशी दोन वाक्यं आणि सही, एवढ्यावर हे काम होतं.

नामावलीच्या दोन प्रती करा. एक फलकावर लावायची. तिच्यात नाव, मंडळी, पद आणि मुदत एवढंच. दुसरी फोन नंबरांसह. ती प्रतिनिधींना, पास्टोरेट सेक्रेटरींना आणि पाळकांना. ही दुसरी प्रत व्हॉट्सअॅपवर फिरवू नका. एकदा फिरलेली फाइल परत बोलावता येत नाही. ती विमा एजंटाच्या, वधूवर मंडळाच्या किंवा आपल्याशी वैर धरणाऱ्याच्याही हाती पडू शकते. दिवस कसे आहेत हे सांगायला नको. सभासदाला प्रतिनिधीशी बोलायचं असेल तर त्याने सेक्रेटरींकडून नंबर घ्यावा. तेवढं अंतर असू द्या.

काम कसं करायचं

सुरुवात पास्टोरेट कमिटीपासून करा. पाळकसाहेबांना आधी भेटा, हेतू सांगा आणि त्यांच्याच तोंडून रविवारच्या सूचनांमध्ये हे जाहीर होऊ द्या. त्यांना वगळून केलेल्या कामाविषयी शंका येते. त्यांना सोबत घेतलं तर तेच मदतीला येतात. डायोसिस ऑफिसकडे कौन्सिल सदस्यांची निवडीच्या वेळची यादी असते. ती विनंतीपत्र देऊन मागा आणि पाया म्हणून घ्या. पण ती जशीच्या तशी उतरवू नका. माणसं बदली होऊन जातात, काही प्रभूमध्ये निजलेले असतात, नंबर बदललेले असतात.

विश्वस्तांची यादी आणि ही नामावली यांत गल्लत होऊ देऊ नका. जिथे चर्चची संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली आहे, तिथे विश्वस्तांची नावं धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी असतात आणि त्यांत फेर झाला की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. ते काम विश्वस्तांचं आहे. आपली नामावली प्रतिनिधींची आहे. तिला कायद्याची नोंद लागत नाही. ती खरी आणि ताजी असली की झालं.

प्रत्येक पास्टोरेटमध्ये दोन व्यक्ती नेमा. एक जाणती असावी, जिला सगळी घरं ठाऊक आहेत. दुसरी तरुण असावी, जिला संगणकावर तक्ता करता येतो. दोघांपैकी एक बहीण असावी. त्या दोघांनी प्रत्येक प्रतिनिधीला प्रत्यक्ष भेटून किंवा फोन करून फॉर्म भरावा आणि भरलेला मजकूर त्यांना पुन्हा वाचून दाखवावा. नंबर आकड्याआकड्याने वाचा आणि तिथेच एक मिस कॉल देऊन खात्री करा. दुसऱ्याकडून ऐकलेली माहिती लिहू नका.

प्रत्येक पानावर तारीख घाला आणि ही नामावली कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य आहे तेही छापा. इंग्लंडच्या पॅरिशांमध्ये सभासद मतदारांची यादी दर सहा वर्षांनी पूर्णपणे नव्याने करतात. जुन्या यादीतलं नाव आपोआप पुढे जात नाही, प्रत्येकाला पुन्हा अर्ज करावा लागतो. आपणही ही शिस्त घेऊ या. दरवर्षी वार्षिक सभेच्या आधी दुरुस्ती आणि प्रत्येक निवडणुकीनंतर नवी नामावली. जुन्या प्रती गोळा करून नष्ट करा. मधल्या काळात कोणाचा नंबर बदलला तर तो ज्यांना कळवायचा, त्या नेमलेल्या दोघांची नावं पहिल्या पानावर असू द्या.

शंका आणि त्यांची उत्तरं

'आपला व्हॉट्सअॅप ग्रुप आहे की,' असं कोणी म्हणेल. ग्रुपमध्ये कोण आहे आणि कोण नाही, हे अॅडमिनच्या हाती असतं. वाद झाला की माणसं बाहेर पडतात किंवा काढली जातात. ज्या वयस्क प्रतिनिधींकडे साधा फोन आहे, ते त्यात कधीच नसतात. ग्रुप असू द्या. पण प्रतिनिधित्वाची नोंद कोणाच्या मर्जीवर टिकता कामा नये.

'निवडणुकीत एखादा गट याचा फायदा घेईल,' ही भीती खरी आहे, आणि आपल्या चर्चमधल्या तंट्यांनी ती वाढवली आहे. पण नंबरांची यादी आजही काहीजणांच्या खिशात असतेच. एकाच्या खिशात असली की ती सत्ता होते. प्रत्येक प्रतिनिधीकडे एकाच दिवशी, एकसारखी प्रत गेली की त्या सत्तेचा जोर संपतो. पहिल्या पानावर नियम छापा: ही नामावली प्रचारासाठी, व्यापारासाठी किंवा कोणाविरुद्ध सह्या गोळा करण्यासाठी वापरू नये. नियम मोडणाऱ्याला कमिटीने बोलावून विचारावं.

'हे तर डायोसिसचं काम,' असंही कोणी म्हणेल. डायोसिसने ते केलं तर आनंदच आहे, आणि आपलं काम पुरं झालं की ते आपण ऑफिसकडेच सोपवू. पण आपल्या पास्टोरेटमधल्या प्रतिनिधीचा आजचा नंबर आपल्यापेक्षा दुसऱ्या कोणाला अधिक ठाऊक असणार आहे?

नामावली झाल्यावर

ती कपाटात गेली तर सगळा खटाटोप वाया. म्हणून सभासदांनी तिचा वापर करावा. कौन्सिलची विषयपत्रिका आली की आपल्या प्रतिनिधींना मंडळीत बोलवा, विषय वाचा आणि आपलं मत सांगा. सभा झाल्यावर पुढच्या रविवारी त्यांनी दहा मिनिटांत काय ठरलं ते सांगावं, अशी विनंती करा. शेजारच्या पास्टोरेटच्या प्रतिनिधींनी वर्षातून एकदा तरी एकत्र बसावं. नव्याने निवडून आलेल्या प्रतिनिधीला जुन्या प्रतिनिधीने घटना आणि हिशेब समजावून द्यावेत.

प्रतिनिधींनाही एक सांगणं आहे. आपलं नाव यादीत आलं की फोन येतील, कधी नको त्या वेळी येतील, कधी रागाने बोलणारेही येतील. ते ऐकून घ्या. ज्यांनी आपल्याला निवडलं त्यांचं ऐकून घेणं, हीच या पदाची पहिली सेवा आहे.

तर बंधुभगिनींनो, या महिन्याच्या पास्टोरेट कमिटीच्या बैठकीत हा विषय घ्या. दोन माणसं नेमा, एका पानाचा फॉर्म करा, आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी फलकावर पहिली प्रत लावा, मग तीत चारच नावं का असेनात. तेवढं झालं की शेजारच्या पास्टोरेटच्या सेक्रेटरींना फोन करून तुमचा फॉर्म त्यांना पाठवा. दहा पास्टोरेट्सनी असं केलं, की डायोसिसची नामावली अर्ध्यावर आलेली असेल, आणि कौन्सिलच्या पुढच्या सभेत आपली माणसं एकमेकांना नावाने ओळखत आत जातील.